सामानाचा बोल्ट, माणसाचा बोल्ट

आमच्या तालुका खरेदी-विक्री संघाच्या हार्डवेअर विभागात साधा हुक घ्यायला गेलात, तरी लिंबाजी बप्पा किंमत सांगायच्या आधी तुमची उलटतपासणी घेतात.

"काय टांगायचं हाय?"

"घड्याळ."

"भित कशाची? मातीची का शिमिटाची? खाली कोण झोपतं?"

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. घड्याळाखाली म्हातारं माणूस झोपत असेल, तर बप्पा एक नंबर मोठा हुक देतात आणि वर खाटही सरकवायला सांगतात. घाईचं गिऱ्हाईक वैतागून बाजारात दुसरीकडे जातं. बप्पांना त्याचं काही नाही. "जाऊ द्या. तितं नुसतं इकत्यात," एवढंच म्हणतात.

मी शिरूर कासारला कॉलेजात शिकवायला आलो, तेव्हा आमची ओळख पाळण्याच्या कड्यांवरून झाली. मुलीच्या बारशासाठी छताला दोन कड्या हव्या होत्या. बप्पांनी त्या माझ्या हातात दिल्याच नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी ड्रिल मशीन घेऊन स्वतःच घरी आले. स्लॅबला भोकं पाडली, कड्या बसवल्या, धोतराचा काचा मारला आणि स्टुलावरून दोन्ही कड्या धरून सरळ लोंबकळले. तोंडाने शंभरपर्यंत आकडे मोजणं चालू. नेमक्या त्याच वेळी सासूबाई चहा घेऊन आल्या. साठी उलटलेला गृहस्थ छताला लटकलेला पाहून त्यांच्या हातून कपबशी सुटली.

"घाबरू नका बाई," बप्पा वरूनच म्हणाले, "चाळीसच ऱ्हायलेत."

जगातल्या सगळ्या हुकांच्या, कड्यांच्या आणि बोल्टांच्या त्यांनी दोन जाती केल्या आहेत. सामानाच्या आणि माणसाच्या. संघात दुसऱ्या जातीचा एकही नग नाही, असं ते छातीठोकपणे सांगतात.

"मग पाळण्याच्या कड्या?" मी विचारलं होतं.

"त्या बी सामानाच्याच. म्हनून तर म्या आधी लटकलो."

हे सगळं गमतीचं वाटायचं, तोवर दुष्काळाचं ते वर्ष आलं. गावंच्या गावं ऊसतोडीला गेलेली, कॉलेजात निम्मे बाक रिकामे. उरलेल्या मुलांचं मन रमावं म्हणून मी गावाबाहेरच्या कड्यावर दोर लावून चढाईचं शिबिर घ्यायचं ठरवलं. उद्घाटनाला संघाचे चेअरमन येणार होते. बॅनरसुद्धा छापून झाला होता. पुण्याहून सामान यायला वेळ लागणार, म्हणून मी बप्पांकडे अँकर बोल्ट मागितले. भोकात घालून आवळला की आत फुगून घट्ट बसतो, तो बोल्ट.

"काय टांगायचं हाय, सर?"

"मुलं," मी म्हणालो.

बप्पांनी चष्मा काढला. एक पाच किलोचं वजन सुतळीने खिळ्याला टांगलं. सुतळीने ते निवांत पेललं. मग त्यांनी वजन हातभर वर उचललं आणि सोडून दिलं. सुतळी तुटली आणि वजन माझ्या चपलेपासून चार बोटांवर येऊन आदळलं.

"टांगल्यालं वजन येगळं, पडल्यालं वजन येगळं. पोतं गुमान लटकतंय. पोरगं पडतंय, सर."

तेवढ्यावर ते थांबले नाहीत. हातोडी घेऊन माझ्याबरोबर कड्यावर आले आणि वैद्याने नाडी पाहावी तसा तासभर दगड ठोकून ऐकत राहिले. कुठे ठण्ण वाजायचं, कुठे बद्द. "ह्यो मांजऱ्या दगूड हाय. वरून काळा, आतून भाकरी. तुमचा बोल्ट शिमिटासाठी केल्याला. ह्याच्यात फुगला तर दगूडच उकलतो."

मला राग आला. कॉलेजात शिकवणारा मी, आणि मला दगड शिकवणार हे! मी थेट चेअरमनना सांगितलं. ते दुकानात आले.

"द्या की बप्पा. सरांचा कार्यक्रम हाय. कावून अडवता?"

बप्पांनी पावती फाडली. तळाशी ठळक लिहिलं, 'सामानासाठी. माणसासाठी नाही.' मग पेन पुढे केलं. "तुमी खाली लिवा, माणूस टांगाया चालतंय म्हनून. सही करा अन् बोल्ट घिऊन जावा."

ठराव न वाचता सही करणारे आमचे चेअरमन त्या पेनाकडे बघत राहिले. मग त्यांना एकदम तलवाड्याचं एक लग्न आठवलं आणि सही न करताच ते घाईने निघून गेले. बप्पा निवृत्तीनंतर वर्षावर्षाच्या मुदतवाढीवर होते आणि ती मुदतवाढ याच चेअरमनच्या हातात होती. हे बप्पांना ठाऊक होतं. मलाही ठाऊक होतं, याची आज लाज वाटते.

शिबिर पुढे ढकललं. पंधरा दिवसांनी पुण्याहून प्रशिक्षक रीतसर सामान घेऊन आले. संघातला बोल्ट हातात घेऊन म्हणाले, "कपाट अडकवायला छान आहे." मग त्यांनी कड्याच्या माथ्यावर, बप्पांनी दाखवलेल्या ठण्ण दगडाला तीन ठिकाणी दोर बांधले.

"एक सुटलं तर?" बप्पांनी विचारलं.

"दुसरं आहे."

"दोन सुटली तर?"

"तिसरं."

बप्पांनी मान डोलावली आणि चढणाऱ्याचा दोर खालून सांभाळायचं काम मागून घेतलं. प्रशिक्षकांनी शिकवलं आणि मागचं टोक धरून शेजारी उभे राहिले. मुलांना धीर यावा म्हणून पहिला मी चढलो. निम्म्यावर मी अडकलो. वर जाववेना, खाली बघवेना. तेवढ्यात खालून आवाज आला, "सर, म्या हाय. दोर तंग हाय. म्या हाय."

मी कसाबसा वर पोचलो. मग एकेक करून सगळी मुलं चढली, आणि प्रत्येकाला खालून तेच ऐकू गेलं.

ऊन कलल्यावर मुलं बसकडे निघाली. बप्पांनी हातातला दोर सोडला नव्हता. मी न राहवून विचारलं, "बप्पा, तुमच्या हातून कधी कुणी पडलं होतं का?"

"न्हाई. एक बी न्हाई." ते दोराकडे बघत बोलत होते. "मागं दुष्काळात हिरी खांदायला यारीवर, दगूड-मानसं वर वढायच्या चाकावर, होतो. खालचा माणूस सुरुंगाला बत्ती द्यायचा अन् दोर हालवायचा. वरून म्या वढायचो. वर कोण हाय, त्येला दिसत नसतंय, म्हनून बोलत ऱ्हायचो, म्या हाय, म्या हाय. मंग मशिनी आल्या. घरी बायको होती, तवर ती तरी हाक मारायची." त्यांनी दोराचा एक वेढा हाताला घेतला. "आता सांगायचं कुनाला, म्या हाय म्हनून?"

मी बसकडे वळून पाहिलं.

"आनखी कुनी ऱ्हायलंय का, सर?" त्यांनी विचारलं.

कुणीच राहिलं नव्हतं. प्रशिक्षक सामान आवरायला लागले होते.

"मी राहिलोय," मी म्हणालो, आणि पुन्हा कमरेला दोर बांधून घेतला.