खिंडीपर्यंतचा मान

एका जंगलात, मुलांनो, रानगव्यांचा एक नियम होता. फौज निघाली की वाटेत थोरले पुढे, लढाईत धाकटे पुढे. का, ते विचारायचं नाही. तुम्हीही विचारू नका. शहाणी मुलं आहात ना?

तर एकदा कोळसुंद्यांनी, म्हणजे शिट्ट्या घालणाऱ्या रानकुत्र्यांनी, गव्यांच्या मूळपुरुषाच्या दगडावर तंगडी वर केली. दगड दिसला की कुत्री तंगडी वर करतातच. पण ढुशेराव नावाचा म्हातारा गवा गरजला, "अस्मितेवर घाला! चला, जुन्या वाटेनं!"

जुनी वाट अरुंद खिंडीतून जायची. शेजारून चांगली रुंद वाट होती. पण तिच्यावर एकही पूर्वज मेला नव्हता, म्हणून ती बाद.

फौज निघाली. सगळ्यांत पुढे कोणी चालायचं, यावरून म्हाताऱ्यांची आधी आपसातच जुंपली. मग प्रत्येक पाणवठ्यावर सांबरांनी त्यांना माळा घातल्या. त्यांनी भाषणं केली आणि माळा खाल्ल्या. मागे तरुण गवे धूळ खात राहिले.

खिंडीच्या तोंडाशी ढुशेराव थांबले. आतून कोळसुंद्यांच्या शिट्ट्या ऐकू येत होत्या. सगळे म्हातारे वाट सोडून जांभळीच्या सावलीत बसले.

"जा पोरांनो, कुळाचं नाव काढा!" ढुशेराव म्हणाले.

"आणि तुम्ही, आजोबा?" चांदीनं विचारलं. ही ढुशेरावांची नात. आता ती पहिल्या रांगेत होती.

"आम्ही मागे थांबतो. सगळेच मेलो तर पराक्रम सांगणार कोण?"

"मागच्या लढाईतून किती जण परत आले?"

"आम्ही सगळे आलो!" सावलीत बसलेले भीमकाका छाती फुगवून म्हणाले.

"तरुणांपैकी विचारतेय मी, काका."

"त्यांचे दगड उभारले की गं! केवढाले! तुझ्या बापाचा तर सगळ्यांत मोठा."

चांदी वळली आणि सावलीत येऊन बसली. तिच्यामागून एकेक करत सगळे तरुण येऊन बसले.

"हे काय? ऊठ! नियम आहे आपला!" ढुशेराव ओरडले.

"असेल. मी नाही पाळणार. दगडावर कुत्रं मुतलं, ते तुम्हाला झोंबलं. मला नाही. मला बाप हवा होता, दगड नको होता. ज्याला झोंबलंय त्यानं खिंडीत जावं. आम्ही मागे थांबतो. तुमचा पराक्रम अगदी रंगवून सांगू."

खिंडीतून पुन्हा शिट्टी आली. या वेळी जवळून.

भीमकाकांनी ढुशेरावांकडे पाहिलं. ढुशेरावांनी घसा खाकरला. मग भीमकाकांना खिंडीकडे हळूच ढुशी मारली.

तात्पर्य: थोरामोठ्यांचा मान राखावा. त्यांच्यापुढे कधीही जाऊ नये, विशेषतः लढाई त्यांनी काढलेली असेल तेव्हा.