दर रविवारी, चार ते पाच, व्यत्ययाविना

आमच्या घरात विरंगुळ्याचे कोणतेही लेखी नियोजन नाही, ही गंभीर बाब माझ्या निदर्शनास आली तेव्हा मी सोफ्यावर आडवा पडून विरंगुळाच करत होतो. हातात फोन होता आणि त्यावर कोणीतरी ‘घरातलं तंत्रज्ञान वापरून सुट्टी सुखाची करण्याच्या एकवीस युक्त्या’ पाठवल्या होत्या. मी कार्यालयात आवक विभागात बसतो. आलेल्या प्रत्येक कागदावर शिक्का मारायचा आणि आणणाऱ्याला पोच द्यायची, हे माझे अठ्ठावीस वर्षांचे काम. आलेला मजकूर न वाचता पुढे सरकवणे मला झोपेतही जमते. हा नेमका वाचला, आणि तिथेच फसलो.

समोरच्या तीन पायांच्या टेबलावर बुद्धिबळाचा पट मांडलेला होता. माझे वडील, म्हणजे आप्पा, सहा महिने माझ्याकडे असतात आणि सहा महिने दादाकडे. माझ्याकडे असले की दर रविवारी चारला आम्ही पटावर बसतो. गेल्या चाळीस वर्षांत मी त्यांच्याविरुद्ध एकही डाव जिंकलेलो नाही. हा डाव मात्र तीन रविवार अडून बसला होता आणि चाल आप्पांची होती.

“अरे, पुढच्या रविवारी सहाला दादा येतोय मला न्यायला,” आप्पा म्हणाले. “त्याआधी हा डाव संपवू या. अर्धवट ठेवून जायला मला आवडत नाही.”

“संपवूच, आप्पा. पण या वेळी पद्धतशीर संपवू.”

“पद्धतशीर म्हणजे? तू तिकडे बसायचं, मी इकडे.”

आप्पांना नियोजन म्हणजे काय ते कळत नाही. मी युक्ती क्रमांक तीननुसार फोनवर कुटुंबाची सामायिक दिनदर्शिका उघडली, ‘विरंगुळा: आप्पांबरोबर बुद्धिबळ, रविवार, चार ते पाच’ अशी नोंद केली आणि आप्पांना रीतसर निमंत्रण पाठवले. ते माझ्यापासून दोन हातांवर बसले होते. त्यांचा फोन आतल्या खोलीत वाजला. ते उठून आत गेले, चष्मा शोधला, बाहेर आले आणि म्हणाले, “येतो.”

“तोंडी नको, आप्पा. तोंडी संमतीची नोंद राहत नाही. तिथे ‘स्वीकारले’ दाबा.”

अक्षरे बारीक होती. आप्पांनी ‘कदाचित’ दाबले. ते दुरुस्त करण्यात आमचा सोमवार गेला. मंगळवारी ‘स्वीकारले’ आले आणि मी त्यांना पोच पाठवली. त्यासाठी ते पुन्हा आत गेले.

याच आठवड्यात मी झाडू मारणारे यंत्र घेतले. थाळीएवढे गोल, जमिनीवरून आपले आपण फिरणारे. ही युक्ती क्रमांक सहा. बायकोने ते दोन दिवस पाहिले.

“अहो, झाडायला मला दहा मिनिटं लागतात. याला दीड तास लागतो.”

“पण तो दीड तास तुला मोकळा मिळतो.”

“कुठला मोकळा? ते सोफ्याखाली अडकतं, तेव्हा मीच बाहेर काढते.”

मी दुर्लक्ष केले. यंत्र दिनदर्शिकेला जोडले आणि त्याला स्पष्ट आदेश दिला: घरात कोणी काम करत नसेल, तेव्हाच झाडावे.

रविवारी बरोबर चारला आम्ही पटावर बसलो. आप्पांनी धुतलेला सदरा घातला होता आणि त्यांची बॅग दाराशी भरून तयार होती. त्यांनी बराच वेळ पटाकडे पाहिले. मग हसले. हसल्यावर ते हमखास मात करतात. त्यांनी वजिराला हात घातला, आणि यंत्र कोपऱ्यातून बाहेर आले. त्याचे काहीच चुकले नव्हते. दिनदर्शिकेत विरंगुळा लिहिला होता, म्हणजे घरात कोणी काम करत नव्हते. ते सरळ आले, टेबलाच्या पायावर आदळले, पट कलंडला आणि खाली पडलेल्यांपैकी एक प्यादे गिळून ते सोफ्याखाली गेले.

“असू दे,” आप्पा वाकून सोंगट्या गोळा करत म्हणाले. “मला सगळं आठवतंय. मांडतो पुन्हा.”

इथे मी ‘मांडा’ म्हणालो असतो, तर ही गोष्ट लिहावी लागली नसती. पण अठ्ठावीस वर्षे मी लोकांना सांगत आलो आहे की तुम्हाला काय आठवते याला अर्थ नाही, कागद दाखवा. शिवाय युक्ती क्रमांक चौदानुसार मी पटाचा फोटो काढून ठेवला होता. तो आपोआप कुठेतरी दूरच्या साठ्यात सुरक्षित होता. इतका सुरक्षित की मलाही मिळेना. पासवर्ड चुकला. मग सांकेतिक क्रमांक पाठवल्याचा निरोप आला. तो माझ्या जुन्या फोनवर गेला होता. जुना फोन कपाटात मिळाला, तो मेला होता, आणि त्याचा चार्जर यंत्राच्या पेटीत गुंडाळलेला होता.

“अहो, आप्पांना विचारा ना,” बायको म्हणाली.

“आप्पा हा पुरावा होत नाही,” मी म्हणालो.

सहाला दहा कमी असताना फोटो उघडला. त्यात माझा अंगठा होता आणि अंगठ्यामागे एक हत्ती.

मान वर करून पाहिले, तर आप्पांनी पट कधीच मांडून ठेवला होता. गिळलेल्या प्याद्याच्या जागी त्यांनी आपल्या स्वेटरचे बटण ठेवले होते. ते बहुधा तासभर तसेच बसून होते. मला हाक मारली नाही, कारण मी कामात होतो. तेवढ्यात खाली दादाच्या गाडीचा हॉर्न वाजला.

“चाल माझी आहे,” आप्पा उठत म्हणाले. “पुढच्या रविवारी चारला फोनवर सांगतो. तू इथे असाच ठेव, मी तिथे मांडतो.”

“सांगा, आप्पा. मी आत्ताच नोंद करतो.”

आणि केली. दर रविवारी, चार ते पाच, कायमस्वरूपी. आता तरी आप्पांच्या वेळेत कोणी कडमडू नये म्हणून युक्ती क्रमांक नऊही वापरली: विरंगुळ्याच्या काळात फोनने संपूर्ण गप्प राहावे आणि येणारे सर्व व्यत्यय वेगळ्या कप्प्यात टाकावेत.

पुढच्या रविवारी चारला यंत्र बंद करून मी पटासमोर बसलो. फोन आला नाही. पाचला फोनने विचारले, ‘विरंगुळा पार पडला का?’ मी ‘हो’ दाबले, कारण ‘नाही’ दाबले की कारणांचा तक्ता भरावा लागतो. त्यानंतरच्या रविवारीही तेच झाले.

“आप्पा विसरले,” मी बायकोला म्हणालो. “वय झालं.”

“तुम्ही करा ना फोन.”

“चाल त्यांची आहे.”

सातव्या रविवारी चार वाजून पाच मिनिटांनी फोनने अहवाल सादर केला. ‘अभिनंदन! आपण वडिलांबरोबर सलग सहा रविवार घालवलेत. आम्ही आपल्याला सहा व्यत्ययांपासून वाचवले.’ मी कप्पा उघडला. सहाही व्यत्यय आप्पांचे होते. प्रत्येकासोबत त्यांच्या आवाजात एक निरोप होता.

पहिला: “अरे, वजीर तुझ्या हत्तीपुढे. शह. आता तू सांग.”

दुसरा: “मागच्या रविवारी चाल सांगितली होती. मिळाली का?”

तिसरा: “पोच दे रे बाबा नुसती.”

चौथ्यात आणि पाचव्यात फक्त खाकरणे होते. सहावा: “तुझ्या बाजूनंही मीच खेळतोय आता. तू बरा खेळतोस. बहुतेक जिंकशील.”

उभ्या आयुष्यात मी हजारो परक्यांना पोच दिली होती. मी पुसट दिसणाऱ्या पडद्याकडे बघत राहिलो, आणि बघता बघता सहाचा आकडा सात झाला.

आप्पा होते. आत्ता, या क्षणी. मी धडाधड बटणे दाबली. फोन म्हणाला, ‘चालू विरंगुळा मध्येच थांबवण्याचे कारण नमूद करा. किमान पन्नास अक्षरे.’

मी लिहू लागलो. ‘उपरोक्त विषयान्वये विनंती की...’

“अहो, माझ्या फोनवरून लावा की!” बायकोने आपला फोन माझ्या नाकासमोर धरला.

“थांब गं,” मी म्हणालो, “सतराच अक्षरं राहिलीत.”

तुम्ही हसलात, त्याची पोच मिळाली. ही गोष्ट शांतपणे वाचता यावी म्हणून तुम्हीही फोन गप्प करून ठेवला असेल. चांगली सवय आहे. आता वाचून झालीच आहे, तर एकूण किती व्यत्ययांपासून वाचलात आणि ते कोणाचे होते, तेवढे एकदा उघडून बघा.