देखावा-आकार वगळून

सन एकोणीसशे एकतीसच्या सुमारास सोलापुरात मंदी आली. तिची वर्दी वर्तमानपत्रांच्या आधी नवी पेठेतल्या कापडदुकानांच्या पायऱ्यांनी दिली.

पायऱ्यांचे शास्त्र असे. गिऱ्हाइकाने लुगड्याचा भाव विचारायचा, दुकानदाराने सांगायचा, मग गिऱ्हाइकाने "अगं बाई!" म्हणून उठायचे आणि पायऱ्या उतरू लागायचे. पहिल्या पायरीवर दुकानदार गप्प बसतो. दुसरीवर तो गड्याला लुगड्याची घडी घालायला सांगतो, पण मोठ्याने. तिसरीवर पाय पडला की "बाई, या मागं, तुमचं न्हाय, माझं न्हाय" अशी हाक येते आणि सौदा होतो. मंदीत एवढेच झाले की, हाक ऐकूनही गिऱ्हाइके मागे वळेनाशी झाली. भाव आज उतरला तर उद्या आणखी उतरेल, असे जो तो म्हणू लागला.

चनबसप्पा शेट या शास्त्रातले अधिकारी पुरुष होते. लुगड्यांचे दुकान वडिलार्जित, कपाळावर विभूतीचे तीन ठसठशीत पट्टे, आणि पहिल्या भावाला घेतलेली एकही वस्तू घरात नाही. देवापुढचा नारळसुद्धा ते दोन दुकाने फिरून घेत. बायको मात्र वडिलांनी पहिल्याच बोलीत पसंत केलेली होती, आणि त्याची थोडी चुटपुट शेटना अधूनमधून लागत असे.

ही बायको, नागव्वा, अक्कलकोटाकडची. जन्मभर पाणी तिने घागरीत, हौदात आणि फार तर सिद्धेश्वराच्या तळ्यात पाहिले होते. लहानपणी कोणीतरी तिला सांगितले की, समुद्राला पलीकडचा काठच नसतो. ते तिच्या मनातून गेले नाही. संसारात तिने दुसरे काही मागितले नाही, म्हणून ही एक मागणी शेटनी तीस वर्षे विचाराधीन ठेवली होती.

त्याच साली तिला दिव्याभोवती रंगीत कडी दिसू लागली. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासून सांगितले, "काचबिंदू आहे, दोन्ही डोळ्यांत. आता हटायचा नाही. वर्षभर दिसेल. काय बघायचं ते बघून घ्या."

"वर्षभरच?" असे म्हणून चनबसप्पा सवयीने उठले आणि दवाखान्याच्या पायऱ्या उतरू लागले. तिसऱ्या पायरीवर ते किंचित थांबलेदेखील. डॉक्टरांनी मागे बोलावून दीड वर्ष केले नाही.

योगायोग असा की, पुढल्याच पंधरवड्यात दुकानासमोर, रस्त्याच्या पलीकडे, एक टेबल आले. टेबलामागे पंचाक्षरी बसला होता. तो आधी गिरणीत कारकून होता. मंदीने त्याला घरी बसवले आणि आता मंदीनेच कामाला लावले होते. बोटींना परदेशी न्यायला कापूस मिळेना, तेव्हा पूर्वसागर बोट कंपनीने कापसाच्या जागी माणसे भरायचे ठरवले होते. पाटीवर लिहिले होते: 'समुद्र-सहल. मुंबई ते कोलंबो व परत. हवा, देखावा व शाकाहारी भोजन.' शेजारी बोटीचे रंगीत चित्र होते. पंचाक्षरीने स्वतः समुद्र पाहिलेला नव्हता, पण कंपनीची चोपडी त्याला पाठ होती.

नागव्वा त्या चित्रासमोर बराच वेळ उभी राहिली. मग नवऱ्याला म्हणाली, "अवो, तेवढं दिसतंय तवर जाऊन येऊ की."

चनबसप्पांनाही मनापासून वाटले, न्यावे हिला. यात खोटे काही नव्हते. ते रस्ता ओलांडून गेले आणि त्यांनी लिंगायती रीतीने नमस्कार घातला.

"शरणार्थी, पंचाक्षरी. काय भाडं?"

"शरणार्थी शेट. दोनशे. माणशी."

"घ्यायचं सांगा की."

"कंपनीचा भाव एकच असतोय शेट."

शेट उठले. पण टेबल रस्त्यावरच होते, उतरायला पायरीच नव्हती. अशा अडचणीत ते पूर्वी कधी सापडले नव्हते. शेवटी ते स्वतःच्या दुकानाच्या तीन पायऱ्या चढले आणि पंचाक्षरीकडे बघत बघत, सावकाश, खाली उतरले.

महिन्याभरात कंपनीचे परिपत्रक आले. 'सांप्रतच्या तात्पुरत्या मंदीचा साकल्याने विचार करून भाडे एकशे सत्तर करण्यात येत आहे.' चनबसप्पांचा ऊर भरून आला. मुंबईच्या कंपनीने सोलापुरातल्या पायरीवरची चाहूल ओळखली, असा त्याचा त्यांनी अर्थ लावला.

"बघ, हाक मारली का न्हाय?" ते घरी येऊन म्हणाले.

"मग जायाचं?" नागव्वाने पिशवीत घालायचे लुगडे काढूनच ठेवले होते.

"आत्ता? येडी का काय तू! पहिल्याच पायरीला हाक आली. अजून दोन पायऱ्या हायत."

नागव्वाने लुगडे परत खुंटीवर टाकले. तीस वर्षे दुकानदाराच्या घरात काढलेल्या बाईला घडी मोडण्याची घाई नसते.

पुढचे परिपत्रक आणखी साकल्याने विचार करून निघाले. भाडे एकशे दहा. शेट पैसे कनवटीला लावून आले तेव्हा पंचाक्षरीने चोपडीचे नवे पान उघडले. भाड्याखेरीज आता वारा-आकार होता, डोल-आकार होता आणि सर्वांत मोठा देखावा-आकार होता.

"देखावा-आकार म्हंजे?"

"समुद्र बघायचा आकार, शेट. आधी तो भाड्यातच असायचा. आता मंदी हाय म्हणून कंपनीनं भाडं स्वस्त केलं आन् समुद्र बाजूला काढला."

"अरं, बोटीवर बसून माणूस दुसरं काय बघणार?"

"ते कंपनीनं प्रवाशावर सोडलंय."

"म्हंजे सगळं मिळून दोनशेच झालं की!"

पंचाक्षरीने दुखावल्यासारखे पाहिले. "सगळं मिळून कशाला बघता, शेट? भाडं बघा. भाडं उतरलंय."

चनबसप्पा रागाने परतले, पण रागात थोडा आदरही होता. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी लुगड्याचा भाव आठ आण्यांनी उतरवला आणि काठ-आकार व पदर-आकार सुरू केला. मुंबईच्या समुद्रापासून अडीचशे मैल आत असलेल्या गावात आधुनिक व्यापार असा पोहोचला.

याच सुमारास वैरागकडची केराबाई दुकानात आली. मेंढरे राखणारे घर, पोरीचे लग्न ठरलेले, म्हणून ही बाई वर्षाच्या सुरुवातीपासून एका हिरव्या लुगड्याचा भाव विचारत होती. आजही तिने विचारला, आजही ती तिसऱ्या पायरीपर्यंत गेली.

"केराबाई, या मागं!" शेट ओरडले. "अजून किती उतरायचं? पोरीचं लगीन कधी हाय?"

"झालं की मामा. चार दिस झालं."

"झालं? मग पोरगी बोहल्यावर काय नेसून उभी ऱ्हायली?"

"माझंच जुनं. आता ह्ये बी उतरंल, मग घीन आन् धाडीन तिला. लई उतरंल म्हणत्यात."

त्या रात्री जेवताना चनबसप्पा पोट धरधरून हसले. "ऐकलंस का गं? लगीन झालं, पोरगी सासरी गेली, आन् आई भाव उतरायची वाट बघत बसलीया! काय एकेक माणसं!" नागव्वा हसली नाही. ती ताटातला भाकरीचा तुकडा बोटांनी चाचपून शोधत होती. शेटना वाटले, तिला विनोद कळला नाही.

भाडे नव्वद झाले. आकार वाढले. शेट थांबले. भाडे सत्तर झाले, आकार पुन्हा वाढले. पंचाक्षरीने टेबलापुढे एक आडवे फळकूट लावून खास शेटसाठी पायरी करून दिली, म्हणजे त्यांना रस्ता ओलांडायला नको. नागव्वा ज्वारी निवडताना खडे नखाने ओळखू लागली आणि उंबऱ्याला पाय लागू नये म्हणून भिंतीला धरून चालू लागली.

एका सोमवारी ती सिद्धेश्वराला जाऊन आली आणि दारातच उभी राहून म्हणाली, "अवो, आज तळ्यावर बसले हुते. पलीकडचा काठ दिसलाच न्हाय मला. नुसतं पाणी, आन् पाण्याम्होरं काय बी न्हाय." जरा थांबून तिने विचारले, "समुद्र असाच असतोय का वो?"

चनबसप्पांनी कनवटीचे पैसे चाचपले. त्या क्षणी ते उठून रस्ता ओलांडतील, पंचाक्षरीपुढे पैसे आपटतील, असे कोणालाही वाटले असते. ते उठलेही. पण पायरीपर्यंत जाताजाता त्यांच्या मनात आले की, हे दर्शन हिला फुकट झाले आहे. म्हणजे कंपनीचा भाव अजून बराच चढा आहे. व्यापाऱ्याचे मन असे विचार बोलावून आणत नाही, ते आपले आपण येतात. ते परत येऊन बसले.

आणि कंपनीने खरोखर तिसऱ्या पायरीची हाक मारली. नव्या परिपत्रकात नियम होता: 'दृष्टिहीन प्रवाशांस देखाव्याचा लाभ होत नसल्याने त्यांस देखावा-आकार माफ. सबब डॉक्टरांचा दाखला जोडावा.'

शेट नागव्वाचा हात धरून घाईघाईने दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी तपासले. "उजवा गेला. डाव्याला अजून सावल्या दिसतात. न्यायचं असेल तर या आठवड्यात न्या. निदान लाटेची हालचाल तरी बघतील."

"दाखल्याचं काय?"

"आंधळ्या आहेत असं कसं लिहू? सावल्या दिसतात."

पंचाक्षरीने चोपडी पाहिली. सावल्या दिसणाऱ्यास अर्धा देखावा-आकार पडत होता. चनबसप्पांनी एकवार बायकोकडे पाहिले, एकवार चोपडीकडे, आणि ते फळकुटाची पायरी उतरले.

तेव्हापासून ते रोज सकाळी उठल्याबरोबर नागव्वाच्या डोळ्यांपुढे हात हलवून विचारत, "दिसतंय का गं काही?" शेजारची बसम्मा भिंतीपलीकडून हे ऐके आणि आपल्या नवऱ्याला सुनावी, "बघा, बघा! असा नवरा मिळाया पुण्य लागतंय." नागव्वा म्हणे, "व्हय, हात हाय." मग ते आंघोळीला जात. एक सकाळ अशी आली की ती काहीच बोलली नाही. शेटनी पुन्हा हात हलवला. मग त्यांनी टोपी घातली.

दाखला मिळाला. राहता राहिला शेटचा स्वतःचा देखावा-आकार. पण पंचाक्षरी आता तयार झाला होता. त्यानेच नियम शोधून काढला: अंध प्रवाशाबरोबरच्या सोबत्यालाही तो माफ, मात्र डेकवर असेपर्यंत त्याने कंपनीची डोळेपट्टी बांधली पाहिजे. पट्टी सोडल्यास पूर्ण आकार आणि वर दंड.

"हिला दिसणार न्हाय, तर मी एकटा बघून काय करू?" चनबसप्पा म्हणाले. त्यांनी हे इतक्या मायेने म्हटले की पंचाक्षरीचे डोळे पाणावले. कोणत्याही माणसाने आजवर दिले नसेल इतके कमी भाडे देऊन शेट दोन तिकिटे घेऊन उठले.

बोट मुंबई सोडून दूर आली तेव्हा दोघे कठड्याजवळ एका बाकावर बसले होते. नागव्वाच्या तोंडावर पाण्याचे तुषार उडत होते. तिने ओठ चाटले, मान वर केली, आणि तिचा चेहरा लहान पोरीसारखा झाला. तिने चाचपडत नवऱ्याचा हात धरला.

"अवो, आवाज किती मोठा! कसा दिसतोय वो? निळा का हिरवा? खरंच काठ न्हाय?"

चनबसप्पांच्या डोळ्यांवर पट्टी होती. कापड बरे होते, विणही घट्ट होती, फक्त किनार कच्ची निघाली होती. एवढे त्यांनी बोटांनी पारखले होते. त्यांचा हात गाठीकडे गेला. एकदा वर करावी, एकदाच बघावे आणि हिला सांगावे, असे त्यांना फार वाटले. तीस वर्षांत इतके त्यांना काही वाटले नव्हते. पण कंपनीचा अधिकारी पावले वाजवीत फेऱ्या घालत होता, आणि शेटच्या ध्यानात आले की मंदी अजून संपलेली नाही. भाडे उतरले, तसा दंडही उतरणार. कोलंबोहून परतताना नक्की उतरेल.

त्यांनी हात खाली घेतला.

"सांगा की," नागव्वा म्हणाली.

"लई स्वस्त पडला," चनबसप्पा म्हणाले.

परतताना दंड उतरला नाही. पुढची सफर भरेना, म्हणून पूर्वसागर कंपनीने ती बोट मोडीत काढली. सोलापुरात मात्र शेटचे नाव झाले. आठ दिवस नवी पेठ त्यांच्या दुकानापुढे लोटली होती. लुगडे कोणी घेतले नाही, पण प्रत्येकाने एकच प्रश्न विचारला: शेट, शेवटी कितीला पडलं? नागव्वा आत भिंतीला टेकून बसलेली असे. समुद्र कसा होता, हे तिला कोणी विचारले नाही, आणि विचारले असते तर तिला बरेच सांगता आले असते.

तो शेवटचा आकडा मला ठाऊक आहे. मी तो मुद्दामच लिहिलेला नाही. वाचकहो, मघापासून तुम्ही तोच शोधत आहात, हे मला दिसते आहे. जरा मागे जाऊन पाहा, नागव्वाबद्दल तुम्ही काय विचारले होते?