फीत कापण्याआधी पोहोचल्याबद्दल

राष्ट्रीय सायकल अजिंक्यपदाची महिलांची वेळ शर्यत सकाळी ठीक सात वाजता सुरू झाली. त्या दिवसाची पहिली अनियमितता हीच. संघटनेत काहीही वेळेवर सुरू होण्याची कुणालाच सवय नव्हती. त्यामुळे पुढे जे झालं त्याचा दोष कुणा एकाला देता येणार नाही, असं चौकशी अहवालातही नमूद आहे.

वेळ शर्यतीचा नियम सोपा. प्रत्येकीने एकटीने निघायचं, दोघींत एका मिनिटाचं अंतर ठेवायचं, तीस किलोमीटरचा फेरा मारून त्याच कमानीखाली परतायचं. जिला सर्वांत कमी वेळ लागेल, तिला राष्ट्रीय जर्सी. चोवीस जणींत सर्वांत आधी निघाली टपालवाली. वय एकोणचाळीस. चाळिशीनंतर संघटना प्रवेशिका घेत नसे. म्हणजे जर्सी मिळाली तर आज, नाहीतर या जन्मी नाही.

सात वाजून एकेचाळीस मिनिटांनी ती कमानीसमोर परतली. तिचे मामा पेशाने घड्याळजी होते; प्रेक्षकांत बसून तिची वेळ बघत होते. हातातल्या घड्याळाकडे बघून ते खुर्चीवरच उभे राहिले. "अगं पोरी, विक्रम! दाब अजून, दाब!"

पण तिने ब्रेक दाबला. समोर लाल फीत होती आणि फितीपुढे मुख्य पंच.

"थांबा ताई. समाप्तिरेषेचं उद्घाटन व्हायचंय."

"पण मी पोहोचले ना!"

"तेच तर चुकलं. कार्यक्रमपत्रिका बघा. आधी प्रमुख पाहुण्यांचं आगमन, मग स्पर्धकांचं."

"अहो, मग तिला खालून वाकून जाऊ द्या," मामा धावत आले.

"जाईल हो, पण काय ओलांडून जाईल? उद्घाटन होईपर्यंत ती रेषा नाही, रस्त्यावरचा पांढरा रंग आहे. रंग ओलांडल्याची वेळ मी कुठल्या रकान्यात लिहू?"

"निदान घड्याळ तरी थांबवा!"

"रेषा ओलांडल्याशिवाय घड्याळ कसं थांबवणार, काका? तुम्हीच घड्याळजी ना?"

टपालवालीने दमून एक पाय खाली सोडला, तसे पंच किंचाळले, "पाय टेकवू नका! टेकवला तर माघार धरली जाईल!"

पाय वर गेला. फितीपुढे ती घाण्याच्या बैलासारखी गोल गोल फिरू लागली. मिनिटामिनिटाला एकेक जण येऊन घाण्याला जुंपली जात होती. दवाखान्यातल्या नर्सबाई शेवटून दुसऱ्या निघाल्या होत्या, आठ वाजून गेल्यावर धापा टाकत आल्या. "ही काय नवीन फेरी आहे का हो?" त्यांनी विचारलं.

"नाही. आपण पोहोचलोय," टपालवाली म्हणाली.

"अरे वा! वाटत नाही."

"मामा, किती झालं?" टपालवाली दर फेरीला ओरडे.

"विचारू नकोस! चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली, आज पहिल्यांदा एखादं फोडावंसं वाटतंय."

नऊ वाजून दहा मिनिटांनी पाहुण्यांची गाडी आली. आधी पाहुणे उतरले. मागोमाग उतरली संघटनेच्या सचिवांची मेहुणी, स्पर्धक क्रमांक चोवीस. ती निघायला हवी होती सात वाजून तेवीस मिनिटांनी. पण केस वाळायला वेळ लागल्यामुळे नोंदवहीत तिच्या नावापुढे 'प्रस्थान प्रलंबित' असा शेरा होता.

पाहुण्यांना पुढे आणखी एक पूल उघडायचा होता. म्हणून वेळ वाचवण्यासाठी सचिवांनी त्यांच्या एका हातात हिरवा झेंडा दिला आणि दुसऱ्या हातात कात्री. झेंडा हलला, मेहुणी निघाली. कात्री चालली, फीत पडली. रंगाची बचत व्हावी म्हणून आरंभाची आणि समाप्तीची अशा दोन्ही रेषा एकाच कमानीखाली हातभर अंतरावर आखल्या होत्या. मेहुणीने दोन्ही ओलांडल्या. मागून बाकीच्या तेवीस जणींची झुंबड आत घुसली. दोनशे प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या.

निकाल तिथेच जाहीर झाला. प्रथम, मेहुणी: अकरा सेकंद. त्यातले सहा पाहुण्यांना अभिवादन करण्यात गेले होते. नवा राष्ट्रीय विक्रम. द्वितीय, नर्सबाई, कारण त्या उशिरा निघाल्या होत्या. टपालवाली सर्वांत आधी निघाल्यामुळे तिला सर्वांत जास्त वेळ लागला: दोन तास दहा मिनिटं. क्रमांक चोविसावा, शेरा 'सरावाची गरज'.

"आणि मधले तीस किलोमीटर?" मामांनी सचिवांना गाठलं. "ते कुणी कापायचे?"

"काका, अंतर हे मार्गदर्शक स्वरूपाचं असतं. बंधनकारक नसतं."

"मग ही बावळट तीस किलोमीटर जाऊन आली ती कशाला?"

"हौस," सचिव म्हणाले. "हौसेला संघटनेचा विरोध नाही."

टपालवालीने घाम पुसला आणि हरकतीचा अर्ज मागितला. तो लगेच मिळाला. अर्जावर दोन साक्षीदारांच्या सह्या हव्या होत्या. अटी दोनच: नातेवाईक किंवा स्पर्धक नकोत, प्रत्यक्ष पाहिलेले हवेत. मुदत तीस दिवस.

प्रत्यक्ष पाहिलेले दोनशे जण खुर्च्यांवर बसलेच होते. त्यांच्यात फार हळहळ होती. "सरळ सरळ अन्याय आहे हो," पहिल्या रांगेतल्या एका काकू म्हणाल्या आणि पेनासाठी पर्समध्ये घातलेला हात तिथेच राहिला. मागच्या गृहस्थांनी टपालवालीला तुम्हीच खऱ्या विजेत्या असं तीनदा सांगितलं, पण त्यांचा चष्मा घरी होता. कुणाला सही जमत नव्हती, कुणाला सचिव ओळखत होते. पाच मिनिटांत खुर्च्या रिकाम्या झाल्या. वेग पाहून पंचही चकित झाले.

मग टपालवालीने अर्ज पिशवीत घातला आणि पत्रांबरोबर घरोघर नेला. एक सही मिळाली. चष्मेवाल्या गृहस्थांची, तीही त्यांच्या बायकोने चष्मा हातात आणून दिला म्हणून. दुसरी मात्र मिळेना.

काल तिसावा दिवस होता. संध्याकाळी ती तुमच्या दाराशी आली, पत्र फटीतून आत सरकवलं आणि म्हणाली, "त्या दिवशी तुम्ही दुसऱ्या रांगेत होतात ना? एकच सही राहिलीय."

पत्र तुम्ही आतून ओढून घेतलंत. आणि मग खणखणीत आवाजात तुम्हीच तिला सांगितलंत, "घरात कुणी नाही."