आवाज घरात, घुमारा आंगनात

आमचे शेजारी पुंडलिकभाऊ कुणाच्याही घरात शिरले की आधी टाळी वाजवतात. रामराम नंतर. खोलीच्या मधोमध उभे राहून एकच कडकडीत टाळी देतात, मान तिरपी करतात आणि विरत जाणारा आवाज कान देऊन ऐकतात. मग त्या घराबद्दलचं मत जाहीर होतं. मी नवीन घर बांधलं तेव्हा वास्तुशांतीला आलेल्यांनी कपाटांचं कौतुक केलं, रंगाचं केलं. पुंडलिकभाऊंनी टाळी दिली आणि म्हणाले, "फरशी चोपडी, भिंती मोकळ्या. तुमी दोघं नवरा-बायको हळू जरी भांडले ना, तरी मले पुरं आयकू येईन." ते खरं निघालं, पण तो विषय वेगळा.

एकदा भाच्यासाठी मुलगी पाहायला मी त्यांना सोबत नेलं. मुलगी पोह्यांचा ट्रे घेऊन आली आणि नेमकी त्याच वेळी यांनी टाळी दिली. मुलीकडच्यांना वाटलं, पसंती आली. त्यांनीही टाळ्या वाजवल्या, एका मामांनी तर पेढ्यांचा पुडा फोडला. सोयरीक जमली, संसार आज झकास चाललाय. पुंडलिकभाऊ मात्र अजून सांगतात, "म्या पोरगी पाह्यलीच नोहती. त्या खोलीत छपराचे टिनं कसे बोलतात ते पाहून राह्यलो होतो." मयतीच्या घरी तेवढे ते टाळी देत नाहीत. तिथे हात वर जातात, मध्येच थबकतात, आणि नाइलाजानं त्यांचा नमस्कार होतो.

हे वेड धंद्यातलं आहे. आमच्या गावात, सोनाळ्यात, पुंडलिकभाऊंचा रेकॉर्डिंगचा स्टुडिओ आहे. पूर्वी ज्या खोलीत कापूस भरून ठेवायचे, तिथे आता एक कॉम्प्युटर, एक माइक आणि भिंतभर अंड्यांचे रिकामे ट्रे आहेत. माणूस माळकरी. गळ्यात तुळशीची माळ घालून रोज अंड्याच्या गाडीपाशी उभा दिसायचा, तेव्हा गावात जी चर्चा व्हायची ती झाली. "ट्रे आवाज पेतात," ते सांगत. "अंडं कोन खाते ते मले काय करायचं?"

भजनी मंडळं, लग्नातली गाणी, भाजीच्या गाडीवरची आरोळी, निवडणुकीचा प्रचार, सगळ्याचं रेकॉर्डिंग तिथेच भरतं. आणि येणारा प्रत्येक जण एकच मागणी करतो: "भाऊ, इको टाका. भरपूर टाका!" आपला आवाज डोंगरातून आल्यासारखा घुमला म्हणजे आपण मोठे झालो, अशी आमच्याकडे ठाम समजूत आहे. पुंडलिकभाऊ या मागणीनं पेटतात. भाजीवाल्याला त्यांनी विचारलं होतं, "तुह्या वांग्याले काऊन इको पाह्यजे बे? वांगे का विहिरीत पिकले?"

त्यांचं शास्त्र वेगळं आहे, आणि मी कृषी केंद्र चालवणारा, खतं-बियाणं सोडून काही न कळणारा माणूस असूनही ते मला तोंडपाठ आहे. आवाज घुमवायची जी करामत कॉम्प्युटरवर असते तिला ते घुमारा म्हणतात. अडाणी लोक, म्हणजे पुंडलिकभाऊ सोडून सगळे, घुमारा थेट आवाजावरच ओततात. मग शब्द बुडतो. पुंडलिकभाऊ आवाज पडद्यावरच्या त्याच्या पट्टीवर कोरडाच ठेवतात, घुमाऱ्याची पट्टी वेगळी मांडतात आणि आवाजातून एक बारीकशी वाट तिकडे काढून देतात. "आवाज घरात, घुमारा आंगनात," हे त्यांचं ब्रीद. दोघांची गाठ घालायची, पण एका खोलीत झोपवायचं नाही.

एवढ्यावर भागत नाही. घुमारा चाळावा लागतो. खालचा गदळ काढायचा, वरची किरकिर काढायची, मधला उरतो तो खरा माल. हे समजावताना ते स्वयंपाकघरातली चाळणी उचलून आणत आणि आत त्यांची बायको, आमच्या वहिनी, पीठ घेऊन ताटकळत बसत.

सुशीलावहिनी. यांच्या शास्त्राचा एकमेव शत्रू. बुवा डोळे मिटून गात आहेत, सूर लागलाय, पुंडलिकभाऊ श्वास धरून बसलेत, आणि दाराबाहेरून खणखणीत हाक यायची, "चहा झाला हो! थंडा होऊन राह्यला!" रेकॉर्डिंग बाद. पुंडलिकभाऊ आतून ओरडायचे, "चूप बस वो जराशी!" पुन्हा पहिल्यापासून. आजूबाजूच्या गावांत असा एक भजनी बुवा नसेल ज्याच्या अभंगात वहिनींचा चहा उकळलेला नाही. दारावर लाल दिवा लावून पाहिला. वहिनी म्हणाल्या, "दिवा पाहून का चहा गरम राह्यते?" दुसऱ्या दिवशी दिवा उतरला.

मग वहिनींच्या गळ्यात गाठ निघाली. अकोल्याला ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आता चहा झाला की त्या स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजवतात. टण टण. माझ्या घरापर्यंत ऐकू येतं.

पुंडलिकभाऊंनी या गोष्टीचा कधी उच्चार केला नाही. गडी पूर्वीपेक्षा जास्त बोलायला लागला, एवढंच. दोघांचं मिळून बोलायचा.

गेल्या वर्षी मारुतीच्या देवळासाठी नवी भूपाळी भरली. आत्मारामबुवा गायले, आणि ती रोज पहाटे भोंग्यावर लागू लागली. चार दिवसांत गावात कुजबुज सुरू झाली. बुवा एका कडव्यानंतर थांबले की मागून, फार लांबून, एका बाईचा आवाज येतो. शब्द कळत नाहीत, नुसता धुरासारखा तरंगतो. म्हाताऱ्या म्हणाल्या, देवी बोलते. पोरं म्हणाली, भूत. देवस्थानचे अध्यक्ष दामोदरअण्णा मला म्हणाले, "तुमी शेजारी आहा. त्याले म्हना, ते बाई काढ आन भूपाळी साफ करून दे. नाहीतर आमी दुसरीकून भरून आनतो."

मी गेलो. मनात म्हटलं, शहाण्याची आज जिरली. सगळ्या तालुक्याचे घुमारे चाळणाऱ्याच्या पिठात खडा निघाला! दारातूनच म्हणालो, "काऊन हो पुंडलिकभाऊ, तुमच्या भूपाळीत बाई कुठून आली?"

ते खुर्चीतून वळले नाहीत. कॉम्प्युटरवर भूपाळी उघडीच होती. एकाखाली एक पट्ट्या मांडलेल्या: बुवा, पेटी, तबला, टाळ. सगळ्यात खाली एक पिवळी.

"ते आमची आहे," ते म्हणाले.

बाद झालेली रेकॉर्डिंगं त्यांनी कधी पुसलीच नव्हती. वहिनींचा आवाज गेल्यापासून कुठलंही काम उघडलं की आधी ते त्यातली एक हाक पिवळ्या पट्टीवर ठेवत, एकदा ऐकत, मग तिचा आवाज शून्यावर आणून कामाला लागत. पण कोरडी हाक त्यांना सोसत नसे. म्हणून तिला घुमाऱ्याची वाट काढून दिलेली, लांबून आल्यासारखी वाटावी म्हणून.

"आवाज त म्या बंद केला होता," ते म्हणाले. "पन घुमाऱ्याची वाट बंदच्या आधी फुटली होती. तुमी वावरातल्या पाटाचं दार लावलं, आन पानी दाराच्या अलीकूनच फुटून चाललं, तं वावर भिजनच ना? आवाज गेला, घुमारा राहून गेला."

इतकी साधी चूक, आणि या माणसाच्या हातून. "मंग समजलं केव्हा?"

"पह्यल्याच दिवशी."

"आन काढलं काऊन नाही?"

आता ते वळले. "तिनं आयकलं ना. सडा टाकून राह्यली होती. भूपाळी लागली आन बालटी हातातच राह्यली. भूपाळी सरेपर्यंत तशीच उभी. दुसऱ्या दिवशीबी तशीच. तिले बरं वाटून राह्यलं का दुखून राह्यलं, मले समजत नाही."

"विचारा ना मंग. मान त हालवतात वहिनी."

"इतके वर्सं म्या तिले चूप बस म्हनलं. आता कोन्या तोंडानं विचारू?"

मघाची जिरवायची हौस कुठल्या कुठे गेली. मी अण्णांचा निरोप तेवढा सांगून टाकला. त्यांनी मान हलवली, माउस हातात घेतला आणि पिवळ्या पट्टीवर नेला. एक बोट दाबलं की हाक पुसली जाणार होती. बोट काही खाली येईना.

तेवढ्यात दाराशी टण टण झालं. वहिनी ट्रे घेऊन उभ्या होत्या. किती वेळ, देव जाणे. आत आल्या, ट्रे माझ्या हातात दिला आणि नवऱ्याचं मनगट धरून बाजूला केलं. मग पिवळ्या पट्टीवर बोट ठेवलं आणि ते वर नेलं.

पुंडलिकभाऊंना वाटलं, घुमारा वाढवायला सांगते. त्यांनी वाढवला. वहिनींनी कपाळाला हात लावला. पुन्हा बोट ठेवलं, जरा जोरात. इतकी वर्षं त्या दाराशी उभ्या राहून हे शास्त्र ऐकत होत्या. कुठली वाट घुमाऱ्याची आणि कुठला आवाज घरातला, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

पुंडलिकभाऊंनी घुमाऱ्याची वाट बंद केली आणि आवाज वर उचलला.

"चहा झाला हो! थंडा होऊन राह्यला!"

कोरडी, ठणठणीत हाक, जणू वहिनी आत्ता दाराशी उभ्या राहून ओरडल्या. मी दचकलो. ट्रेमधले पेले वाजले. वहिनी हसत होत्या. आवाज नव्हता, पण खांदे गदगदत होते आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी खूण केली: पुन्हा. पुंडलिकभाऊंनी पुन्हा लावली. ते मात्र हसत नव्हते, शर्टाच्या बाहीनं तोंड पुसत होते. वहिनींनी मग पडद्यावर भूपाळीच्या शेवटाशी बोट टेकवलं आणि देवळाच्या दिशेनं हात केला.

पुढं अण्णांनी थोडी कुरकुर केली. देवाच्या भोंग्यावर चहाची हाक म्हणजे काय, वगैरे. पण अण्णांच्या घरूनच त्यांना तंबी मिळाली, "सुशीलेचा आवाज आहे तो. खबरदार हात लावसान तं."

तेव्हा आता आमच्या गावात पहाटे भूपाळी लागते. बुवांचा आवाज घरात, घुमारा आंगनात, सगळं चाळून स्वच्छ. शेवटचं कडवं संपतं, क्षणभर शांतता होते आणि भोंग्यावरून अख्ख्या गावाला हाक येते, "चहा झाला हो! थंडा होऊन राह्यला!" घराघरांत चुली आणि शेगड्या पेटतात. त्याच्या मागोमाग भिंतीपलीकडे चमचा वाजतो, टण टण. आणि जो माणूस त्या हाकेला आयुष्यभर 'चूप बस' म्हणाला, तो अंथरुणातून घाईघाईनं उत्तर देतो, "आलो वो, आलो!"