पदरवाल्याचं पोट

"रविवारी अकरा ते एक," दिपेशने छातीवर हात ठेवून अक्षताला सांगितलं, "जगात काहीही होऊ दे, मी जागचा हलणार नाही!"

आता असं वचन तुम्ही-आम्ही दिलं तर त्यात विशेष काही नाही. जगात काहीही झालं तरी आपण जागचे हलत नाहीच! पण दिपेशची गोष्ट वेगळी होती. तळवलीच्या या सत्तावीस वर्षांच्या मुलाला उडता येत होतं.

हे त्याच्या घराण्यातच होतं. दर पिढीत एकाला गावदेवी शक्ती देते, अशी घरची श्रद्धा. पणजोबांनी म्हणे फुटलेल्या खारबांधाला दोन भरत्या पाठ लावून खाडी थोपवली होती. आजोबा मिठाने भरलेली होडी डोक्यावर घेऊन बाजाराला जात. वडील गोटीराम यांच्या वाट्याला मात्र काहीच आलं नाही. त्यांनी चार मजली बिल्डिंग बांधली आणि भाडेकरू ठेवले. मग देवीने दिपेशला धरलं. देवीच्या अंगाला लागलेली साडी पाठीवर बांधली की त्याच्या अंगात पन्नास रेड्यांचं बळ यायचं आणि पाय जमिनीवरून सुटायचे. लोक त्याला 'पदरवाला' म्हणत. तोंडावर करोनातला निळा मास्क असल्यामुळे तो कोण, हे घरचे आणि अक्षता सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं.

अक्षता कामोठ्याची. दोघंही न्हावा शेव्याला एका कस्टम एजंटच्या ऑफिसात समोरासमोरच्या टेबलांवर बसायची. तिथेच जमलं. अडचण एकच होती. कुठे माणूस संकटात सापडला की दिपेशचा डावा कान फडफडायला लागे आणि त्याला निघावं लागे. अक्षताच्या वडिलांना, चंद्रशेखरकाकांना, तो आजवर तीनदा भेटला होता. पहिल्यांदा चहा आला तेव्हा कान फडफडला. दुसऱ्यांदा हॉटेलात पहिला घास उचलला तेव्हा. तिसऱ्यांदा तर चंद्रशेखरकाका "तुमचे पुढचे विचार काय?" असं विचारत होते तेव्हा! तिन्ही वेळा दिपेशने पोट धरलं, "काका, जरा जाऊन येतो" म्हणाला, आणि बाथरूमच्या खिडकीतून पसार झाला. तिन्ही वेळा अर्ध्या तासाने केस विस्कटलेल्या अवस्थेत घामाघूम होऊन बाहेर आला.

यावरून काकांनी काय निष्कर्ष काढला असेल, तो तुम्हीही काढला असता.

"बाबांना जातीचं काही नाही, तुमच्या देवीचंही काही नाही," अक्षता म्हणाली. "त्यांना फक्त तुझ्या पोटाचं टेन्शन आहे! म्हणाले, 'रविवारी मुलगा मध्येच उठला तर हा विषय बंद. आतड्याच्या आजारात मी मुलगी देणार नाही.'"

"मग सांगून टाकू त्यांना खरं?"

"वेडा आहेस का? पदरवाल्याविरुद्ध पेपरात तीन पत्रं छापून आलीत त्यांची! 'नागरी वस्तीवरून विनापरवाना उडणे', असं हेडिंग होतं."

दिपेशच्या घरी वेगळीच अट होती. आई सुमित्राबाईंचं म्हणणं, मुलगी लाखात एक, पण देवीचा कौल झाल्याशिवाय होकार नाही. देवीच्या मुखवट्यावर दोन ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी आधी पडली तर देवीचा होकार, डावी पडली तर नकार. आणि कौल लावलेला असताना शक्तीवाल्याने पाटावरून उठायचं नाही. उठला तर कौल मोडला. मग तीन वर्षं विचारायची सोय नाही!

म्हणजे उठलं तर सासरा गेला आणि देवीही गेली. सुमित्राबाईंनी सकाळीच मुलाची नेहमीची उडायची साडी कपाटात कोंडून किल्ली कमरेला खोचली. "आज जग बुडालं तरी चालंल," त्या म्हणाल्या, "त्येला उद्या काढू."

बरोब्बर अकराला पाहुणे आले. काका, अक्षता आणि काकांची आई वेणूबाई. "जयभीम!" काका म्हणाले. "जयभीम, जयभीम! या, बसा!" गोटीराम एवढ्या जोरात म्हणाले की दुसऱ्या मजल्यावरचा भाडेकरू गॅलरीत आला.

वेणूबाईंनी बसल्या बसल्या पिशवीतून एक बाटली काढली.

"पोरा, हे घे. आमच्या परभणीकडचं चूर्न हाय. माझ्या हातानं कुटलंय. पोटातलं सगळं गपगार व्हतंय!"

"आजी, मला आता बरं..."

"तोंड उघड!"

काका रोखून बघत होते. दिपेशने मुकाट्याने तोंड उघडलं. आजींनी दोन चमचे घातले, जरा विचार केला आणि तिसराही घातला.

मग सुमित्राबाईंनी अक्षतासाठी आणलेली साडी पुढे केली. डाळिंबी रंग, हिरवे काठ, पदरावर मोरांची रांग. वेणूबाईंनी चष्मा पुसला, पदर उजेडाकडे धरला आणि एकेका मोराची हजेरी घेतली.

"साडी लई झ्याक हाय. पन ह्यो सातवा मोर उलटाय बघा. सगळे हिकडं, ह्यो एकटाच तिकडं."

सुमित्राबाईंचा चेहरा उतरला. "दुकानात तर सगळे सरळ बघत होते," त्या पुटपुटल्या आणि साडी ताटासकट देवीच्या पायाशी टेकवून मोकळ्या झाल्या.

कौल लावणारे देवजी भगत आले. दिपेश पाटावर बसला. पाकळ्या चिकटल्या. वाऱ्याने पाकळी हलू नये म्हणून खिडक्या लावल्या, पंखा बंद केला. पाच मिनिटं गेली. पंधरा गेली. काकांच्या शर्टावर भारताचा नकाशा उमटू लागला.

"पंखा लावला तर निकाल लवकर लागेल," ते हळूच म्हणाले.

"बाबा!" अक्षताने डोळे वटारले.

"मी फक्त सुचवलं."

"आता समद्यांनी डोलं मिटा, हात जोडा!" देवजींनी फर्मावलं. "आये, ही पोर तुज्या लेकराला देतंस का?"

सगळ्यांनी डोळे मिटले. काकांनीही मिटले, घामाने ते तसेही झोंबत होते. आणि नेमका त्याच क्षणी दिपेशचा डावा कान फडफडला.

त्याने तो हाताने दाबून धरला. कान बोटांत चिमणीसारखा धडपडायला लागला! कानात स्पष्ट ऐकू येत होतं. न्हावा शेव्याच्या रस्त्यावरच्या कुठल्याशा यार्डात क्रेनला अर्धवट लटकलेला कंटेनर, त्याच्या बरोबर खाली ट्रेलर, आणि केबिनमध्ये अडकलेला ड्रायव्हर ओरडतोय, "अरे, दरवाजा जाम झालाय!"

दिपेशने एक डोळा उघडून अक्षताकडे बघितलं. तिचाही एक डोळा उघडाच होता. तिला त्याचा कान दिसला. तिने नाही म्हणून मान हलवली. मग ओठ चावला. मग एक मोठा श्वास घेतला आणि डोळ्यांनीच सांगितलं: जा.

नेहमीची साडी कपाटात कोंडलेली. पण समोर ताट होतं, आणि ताटातल्या साडीला देवीचे पाय लागले होते! दिपेशने ती अलगद उचलून शर्टात कोंबली.

"काका," तो पोट धरून उठला, "जरा जाऊन येतो!"

"कौल मोडला!" देवजी ओरडले.

"पोट!" काका ओरडले.

"चूर्न कमी पडलं," वेणूबाई म्हणाल्या.

बाथरूमच्या खिडकीचे गज तीनदा वाकल्यावर गोटीरामांनी नवे बसवायचं सोडून दिलं होतं, त्यामुळे बाहेर पडायला त्रास नव्हता. चौथ्या मिनिटाला पदरवाला यार्डावर होता. वरून निसटलेला कंटेनर त्याने खांद्यावर झेलला, फणस उतरवावा तसा बाजूला ठेवला आणि ट्रेलरचा दरवाजा डब्याच्या झाकणासारखा उपटला.

"दादा, एक सेल्फी!" सदू नावाचा तो ड्रायव्हर मोबाइल काढत म्हणाला.

"नको रे, पाहुणे आलेत!"

दिपेश परत बाथरूममध्ये उतरला, मास्क खिशात घातला, ग्रीस लागलेली साडी शर्टात कोंबली, फ्लशची साखळी दोनदा ओढली आणि बाहेर आला. हॉलमध्ये काका बूट घालत होते.

"चल अक्षता. विषय बंद! अकरा मिनिटं! निरोगी माणसाला अकरा मिनिटं लागत नाहीत."

"बाबा, ऐका तरी!" अक्षताचे डोळे भरले होते. सुमित्राबाई देवीसमोर डोकं टेकून बसल्या होत्या. एवढे लोक वाचवणारा हा गडी, पण स्वतःचं लग्न वाचवायला त्याने काय केलं, तर पुन्हा पोट धरलं!

"चंद्रशेखर, थांब रे!"

वेणूबाईंचा आवाज. त्या मोबाइल नाकाला लावून बसल्या होत्या. वेळ जात नाही म्हणून त्यांनी पदरवाल्याचा ताजा व्हिडिओ लावला होता. यार्डातल्या लोकांनी तो मिनिटाभरात सगळ्या ग्रुपवर फिरवला होता.

"ह्यो बघ. डाळिंबी साडी. हिरवे काठ." त्यांनी बोटाने चित्र मोठं केलं. "एक, दोन, तीन, चार, पाच, सहा... आन् ह्यो सातवा. उलटा!"

सगळ्यांच्या नजरा ताटाकडे गेल्या. ताट रिकामं! मग सगळ्यांच्या नजरा दिपेशच्या शर्टाकडे गेल्या. शर्ट आठव्या महिन्यात असल्यासारखा फुगला होता.

"पोरा," वेणूबाई म्हणाल्या, "शर्टात काय हाय?"

दिपेशने साडी बाहेर काढली. पदरावर ग्रीसचे पाच बोटांचे ठसे होते. सातवा मोर मात्र लख्ख!

"सॉरी काका. विनापरवाना उडणारा तो मीच."

काकांचा एक बूट पायात होता, दुसरा हातात.

"म्हणजे... त्या दिवशी चहाच्या वेळी?"

"उरणला होडी उलटली होती."

"आणि हॉटेलात?"

"तुर्भ्याला लिफ्ट अडकली होती."

"म्हणजे तुमच्या पोटाला काहीही झालेलं नाही?"

"काहीच नाही काका!"

"अहो, मग आधी सांगायचं ना!" काकांनी बूट भिरकावला. "मी इकडे दोन महिने पोटाचे डॉक्टर शोधतोय! उडण्याला माझा तात्त्विक विरोध राहील, ते आपण नंतर बघू. पण आतडी चांगली असतील तर माझी काही हरकत नाही!"

"पन कौल मोडला," देवजी अडले. "उठला ना त्यो! आता तीन वरसं..."

"मोडला कसा?" सुमित्राबाई उसळल्या. "देवीचीच साडी बांधून देवीच्याच कामाला गेलता! पाकल्या हायत अजून. बसा गुमान!"

"तुम्ही बसा," घामाने निथळणारे काका म्हणाले, "मला आता सहन होत नाही." आणि त्यांनी पंख्याचं बटण दाबलं.

पंखा गरगरला. मुखवट्यावरची उजवी पाकळी हलली, सुटली, आणि टपकन पाटावर पडली.

"उजवी! उजवी दिली!" देवजी नाचायला लागले.

"ती पंख्याने पडली," काका म्हणाले.

"आन् पंखा कोनी लावला?" सुमित्राबाईंनी हसत विचारलं. "पोरीच्या बापानं! ह्याच्याहून पक्का कौल कंचा असतो?"

काकांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं. सुमित्राबाईंनी त्यात पेढा घातला.

मग काय विचारता! गोटीरामांनी भाडेकरूंनाही खाली बोलावलं. वेणूबाईंनी उलट्या मोराला हळदकुंकू लावलं. अक्षता दिपेशच्या शेजारी येऊन बसली आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून तिने त्याचा डावा कान प्रेमाने ओढला.

तेवढ्यात दिपेश ताठ झाला. त्याचा चेहरा पांढरा पडला. त्याने पोट धरलं.

"काका... जरा जाऊन येतो!"

"जा, जा!" काका अभिमानाने गरजले. "आता आमच्यापासून काय लपवायचं? जगाला गरज आहे तुमची! चला हो सगळे, गच्चीवर चला, जावई उडताना बघू!"

सगळं घर मोबाइल सरसावून गच्चीवर धावलं. वीस माणसं माना वर करून तळवलीच्या आकाशाकडे बघत राहिली. पाच मिनिटं गेली. वीस गेली. "लांबचं संकट असेल," काका म्हणाले.

संकट बरंच जवळ होतं. तीन चमचे परभणीचं चूर्ण होतं, आणि पदरवाला खाली बाथरूममध्ये दोन्ही हातांनी नळ धरून बसला होता. त्याचा डावा कान मात्र अगदी शांत होता. ज्याचं त्यानेच निस्तरायचं असलं की तो बिचारा फडफडत नसे!