चांदण्याला पुरावा काय?

कादंबरीत प्रेमप्रसंग आला की माझे भावोजी आधी जंत्री मागवत. जंत्री म्हणजे जुन्या काळच्या तिथी आणि तारखा यांचा मेळ घालून देणारं जाडजूड पुस्तक. नायक तटावर उभा आहे, नायिकेचा पदर वाऱ्यावर उडतो आहे, दोघांवर चांदणं सांडलं आहे. आणि भावोजी बोटाला थुंकी लावून पानं उलटताहेत. "वद्य द्वादशी निघते," चष्मा कपाळावर सरकवून ते जाहीर करत. "या वेळी चंद्र उगवलेलासुद्धा नाही. अंधारात पदर दिसला कसा? पुरावा काय?" तोवर ती दोघं बिचारी तटावर ताटकळत.

भावोजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. रत्नागिरीतल्या एका शाळेत त्यांनी जन्मभर इतिहास शिकवला आणि 'पुरावा काय?' हा प्रश्न वर्गातून घरी आणला. ताई म्हणाली दूध नासलं, तर पुरावा. मी म्हटलं पाऊस येईलसं वाटतं, वाळवण आत घ्या, तर पुरावा. पुरावा मिळेपर्यंत वाळवण भिजलेलं असे.

ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्यांचा भावोजींना तिटकारा आणि ताईचा त्याच कादंबऱ्यांवर जीव. मी वाचनालयात कामाला, त्यामुळे रसद माझ्याकडे. मुखपृष्ठावर पुढचे दोन पाय उचललेला घोडा आणि नथ घातलेली बाई दिसली की पुस्तक न उघडता ताईकडे पोचवायचं. कधी चूक झाली नाही. "फोडणी दिलेला इतिहास," असं म्हणून भावोजी त्या पुस्तकाकडे पाठ करून बसत.

मग काचबिंदूने ताईचे डोळे गेले. पुण्याच्या लेकीने मोबाइलवर ऐकायची पुस्तकं घालून दिली. ताईने ती दोन दिवस ऐकली आणि बंद केली. "फार गोड वाचते ती बाई," म्हणाली. "भांडायची सोयच नाही." तेव्हा वाचायचं काम भावोजींवर आलं.

उन्हाळ्यात अंगणात आमसुलं वाळत घातलेली असत. एका हातात कावळे हाकायची काठी, दुसऱ्या हातात कादंबरी, अशा थाटात ते दुपारी वाचायला बसत. ताई बाजूच्या खुर्चीत. 'प्रिये, तुझ्या नेत्रांत मी माझे राज्य हरवून बसलो' हे वाक्य ते शाळेच्या सुट्टीची सूचना वाचावी तसं वाचत आणि लगेच काठी आपटत. कावळ्यांसाठी की लेखकासाठी, ते कळत नसे.

खरं सांगायचं तर त्यांचे आक्षेप खोटे नव्हते. या कादंबऱ्यांतल्या सरदारांच्या मुली कायम सोळा वर्षांच्या असतात आणि शुद्ध संस्कृतप्रचुर बोलतात. कोणाला पडसं होत नाही, कोणाची दाढ दुखत नाही. खलनायकाच्या तोंडावर देवीचे व्रण ठरलेले. घोडा संध्याकाळी घाटावरून निघतो, कोकणात नायिकेची भेट घडवतो आणि पहाटे परत घाटावर हजर. "घोडा होता की एसटी?" भावोजी विचारत. "एसटीसुद्धा वाटेत चहाला थांबते."

"अहो, पुढे वाचा ना," ताई म्हणे.

"कशी वाचू? राजाने हिच्यासाठी मोहीम सोडली म्हणे. एकाही बखरीत हिचं नाव नाही."

"तेच तर," ताई एकदा म्हणाली. "तुमच्या इतिहासात बायका आहेतच कुठे? राजास तीन राण्या होत्या, संपलं. त्या काय जेवल्या, कोणावर रुसल्या, तुम्हाला माहीत आहे? इथे निदान बोलतात तरी."

"खोटं बोलतात."

"बोलू देत. तुम्ही एवढे खरे, पण एक गोड वाक्य कधी बोललात मला?"

भावोजींनी काठी आपटली. त्या वेळी अंगणात एकही कावळा नव्हता.

यंदा ताईचं हृदय थकलं. डॉक्टरांनी फार हलू नका, मनाला लावून घेऊ नका, असं सांगितलं. अंगण सुटलं, खाट आली. तिने मुद्दाम सांगून एक जुनी कादंबरी माझ्याकडून मागवली. राजापूरच्या बंदरावरची गोष्ट होती. सरदाराची मुलगी, आरमारातला तरुण, नेहमीचा मालमसाला. भावोजींचं आजोळ राजापूर. भर ओहोटीला खाडीतून गलबत वर आलेलं वाचून ते इतके दुखावले, की दोन दिवस वाचन बंद होतं.

शेवटच्या प्रकरणाच्या दिवशी मी तिथे होते. कादंबरी मी वाचलेली होती. नायकाचं गलबत वादळात बुडतं आणि ती किनाऱ्यावरून चालत समुद्रात जाते, असा तिचा शेवट. भावोजींनी पान उलटलं, खालपर्यंत नजर फिरवली आणि थांबले. मग घसा साफ करून त्यांनी वाचलं, की गलबत वादळातून बाहेर आलं, सकाळी बंदराला लागलं आणि ती धक्क्यावर उभीच होती.

मी मान वर करून बघितलं. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "चहा ठेवतो," म्हणून उठले.

ते आत गेल्यावर ताई हळूच म्हणाली, "ही मी लग्नाआधी वाचलीय. मरते ती."

"मग बोलली का नाहीस?"

"कशाला? इतक्या वर्षांत पहिल्यांदा मनाचं काही बोललेत. बोलू दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती म्हणाली, "वाचा."

"संपली की कालच."

"पुढची पानं चिकटली असतील. बघा नीट."

भावोजींनी पुस्तक पुन्हा हातात घेतलं. मग त्यांनी चिकटलेली पानं सोडवली. त्यांचा आवाज तोच होता, शाळेच्या सूचनेचा. आरमारातल्या तरुणाने नोकरी सोडली. कातळावर जमीन घेतली, कलमं लावली. राजवाडे रंगवणं भावोजींना जमण्यासारखं नव्हतं, तेव्हा सरदारकन्या तीन खोल्यांत आली, तांदळातले पोरकिडे निवडू लागली आणि नवरा घोरतो म्हणून कुरकुरू लागली. नायकाला खोकला झाला. पान मात्र एकदाही उलटलं जात नव्हतं. रोज दुपारी तेच शेवटचं पान उघडं, आणि त्यावर ती दोघं म्हातारी होत चाललेली.

एका दुपारी नायक बायकोला म्हणाला, की तुझ्या हातच्या जेवणाला मी कधी बरं म्हटलं नाही, तुझ्यावाचून मला घास गेला नसता, हे सांगायचं राहून गेलं.

भावोजींनी चष्मा कपाळावर सरकवला.

"मग ती काय म्हणाली?" ताईने विचारलं.

"तसं काही लिहिलेलं नाही इथे."

"मग मी सांगते. ती म्हणाली, कळत होतं हो मला."

त्याच आठवड्यात ताई गेली.

दिवसकार्य उरकल्यावर बऱ्याच दिवसांनी भावोजी वाचनालयात आले. ती कादंबरी त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली, पण हात तिच्यावरून काढला नाही. मी म्हटलं, "असू दे तुमच्याकडे. कोणी मागत नाही हल्ली."

"वाचायचा प्रयत्न केला मी दुपारी," ते म्हणाले. "जमत नाही."

"काय जमत नाही?"

"तो बोलतो, पण समोरून काही येत नाही. तिच्या तोंडी काय घालायचं ते मला सुचत नाही, सुमन. तो कधीचा नुसता बसून आहे."